मेक: हेडर बदललं तरी फायली परत कम्पाइल होत नाहीत, आणि पॅरलल बिल्ड मधूनच फुटतो

सेमीकोलन: मंडळी, सी प्रोजेक्ट आहे, बिल्ड जीएनयू मेकवर (बदललेल्या फायलीच परत कम्पाइल करणारं टूल). हेडरमधल्या (अनेक सी फायली वापरतात ती सामायिक .एच फाइल) स्ट्रक्टला एखादं फील्ड वाढवलं की काही फायली नव्याने कम्पाइल होतात आणि काहींच्या जुन्याच ऑब्जेक्ट फायली (कम्पाइल झालेला कोड) लिंक होतात, एररबिरर काही नाही, प्रोग्राम चालताना भलत्याच व्हॅल्यू दिसतात. शिवाय क्लीन करून (बनलेल्या सगळ्या फायली पुसून) -जे ८ ने, म्हणजे एकावेळी आठ कामं, चालवलं की कधीकधी 'पार्सर डॉट एच सापडत नाही' म्हणून फुटतं आणि लगेच परत चालवलं की गुपचूप होतं. ती फाइल बायसन (व्याकरणाच्या .वाय फाइलमधून पार्सरचा सी कोड बनवणारं टूल) बनवतो. टीममधले म्हणतात दरवेळी मेक क्लीन मार, पण मला कारण हवंय.

जुनाकम्पायलर: क्लीन मारू नका, त्याने दुखणं झाकलं जातं. मेक फक्त फायलींच्या वेळा बघतं, आणि त्याही तुम्ही रूलमध्ये (कुठली फाइल कशापासून, कशी बनवायची ते सांगणाऱ्या ओळी) लिहिलेल्या फायलींच्याच. सी फाइलच्या आत कुठलं हेडर आहे ते वाचायला मेक जात नाही. ते कम्पायलरला माहीत असतं, म्हणून त्याच्याकडूनच लिहून घ्या: जीसीसी किंवा क्लँगला -एमएमडी आणि -एमपी द्या, प्रत्येक ऑब्जेक्टशेजारी डॉट डी फाइल (त्याला लागणाऱ्या हेडरांची यादी) तयार होते, त्या मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा, आणि इन्क्लूडच्या आधी हायफन ठेवा म्हणजे पहिल्यांदा त्या नसल्या तरी मेक अडत नाही. -एमपी विसरू नका, नाहीतर उद्या एखादं हेडर डिलीट केलं की मेक 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणत बसेल. हे घातल्यावर एकदा मात्र क्लीन करावंच लागेल.

तुमची दुसरी अडचणही इथलीच. डॉट डी फाइल कम्पाइल होताना बनते, म्हणजे क्लीननंतरच्या पहिल्या बिल्डमध्ये मेकला पार्सर डॉट एच आधी लागतं हे ठाऊकच नसतं, मग बायसन आणि कम्पायलर यांची शर्यत लागते. दुसऱ्यांदा फाइल तयारच असते म्हणून चालतं. उपाय: ऑब्जेक्टच्या रूलमध्ये | च्या पुढे पार्सर डॉट एच लिहा. | नंतरची फाइल आधी बनते, पण ती बदलली म्हणून सगळं परत कम्पाइल होत नाही, खरा हिशोब डॉट डी ठेवते.

टॅबस्पेस: वरचं बरोबर, एक भर. बायसनच्या रूलमध्ये डावीकडे .सी आणि .एच दोन्ही लिहून साधा कोलन असेल तर मेक ते दोन वेगळे रूल समजतं आणि -जे लावलं की बायसन एकाच वेळी दोनदा चालू शकतो, दोघं एकाच फाइलवर लिहितात. ४.३ पासून (२०२०) यासाठी, म्हणजे दोन्ही फायली एकाच रनमध्ये बनतात हे सांगायला, साध्या कोलनऐवजी &: आहे.

सेमीकोलन: -एमएमडीने हेडरचं काम झालं, खूप आभार!! पण &: लावूनही बायसन दोनदाच चाललेला दिसतोय.

टॅबस्पेस: मेकची व्हर्जन बघा. मॅकवर असाल तर सोबत येणारं मेक ३.८१ आहे, ते & ला टार्गेटचं (बनवायच्या फाइलचं) नाव समजतं आणि चकार शब्द काढत नाही. अशा वेळी पॅटर्न रूल (% च्या जागी कुठलंही नाव बसतं असा रूल) करा, डावीकडे %.सी %.एच आणि उजवीकडे %.वाय, पॅटर्न रूलमध्ये दोन्ही फायली एकाच रनमध्ये बनतात हे जुन्या मेकलाही कळतं.

सेमीकोलन: ३.८१ च निघालं. पॅटर्न रूलने आता एकदाच चालतोय.

जुनाकम्पायलर: छान. आणि सीफ्लॅग्ज (कम्पायलरला द्यायचे ऑप्शन) बदलल्यावरही मेक काही परत बनवत नाही हं, कमांड बदलली का ते निंजा (मेकसारखंच दुसरं बिल्ड टूल) बघतं, मेक नाही. आम्ही फ्लॅग्ज एका फाइलमध्ये लिहितो, मजकूर खरंच बदलला तरच ती फाइल ओव्हरराइट करतो आणि सगळे ऑब्जेक्ट तिच्यावर अवलंबून ठेवतो.