ग्रेलिन दिल्यावर पिल्लू खात नाही: भूक मेली की झोप आली?

कुक्कुट_पीजी
उंदरात ग्रेलिनने (मुख्यतः जठरात बनणारं पेप्टाइड, म्हणजे लहान प्रथिनासारखं संप्रेरक) भूक वाढते. पण पाच दिवसांच्या लेअर पिल्लांना पार्श्व निलयात, म्हणजे मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत, दिलं तर खाणं घटतं. काही पिल्लं तर डोळे मिटून, मान आखडून बसतात. तीन तास उपाशी ठेवूनच टोचलं होतं. काय समजायचं?

निलय
खाणं घटणं बरोबरच आहे, फुरुसे यांच्या गटाने २००१ मध्ये नवजात पिल्लांत हेच दाखवलं. पिल्लाच्या मेंदूत ग्रेलिन सीआरएफला, म्हणजे ताणाच्या यंत्रणेला हात घालतं; अस्ट्रेसिनने सीआरएफचे रिसेप्टर अडवले की परिणाम कमी होतो. पण म्हणूनच डोळे मिटणं खटकतं. सीआरएफने पिल्लू बिथरतं, चिवचिवतं, पेंगत नाही. तेव्हा आधी नुसतं सलाईन दिलेली पिल्लं बघा. तीही पेंगत असतील तर दोष पेप्टाइडचा नाही: सुई खोल गेली असेल किंवा पिंजरा गार पडला असेल.

सुईवाला
द्रावणात ०.१ टक्का इव्हान्स ब्लू हा निळा रंग घाला, १० मायक्रोलिटर द्या, आणि प्रयोगानंतर मेंदू कापून निलय निळं झालंय का ते पाहा. नसेल तर त्या पिल्लाचे आकडे सरळ बाद. हे टाळणाऱ्यांचे निकाल मी तरी गांभीर्याने घेत नाही. पेप्टाइडचे छोटे भाग करून गोठवा, पुन्हापुन्हा वितळवू नका. ग्रेलिनच्या तिसऱ्या स्थानावरच्या सेरीन या अमिनो आम्लाला जोडलेला ऑक्टॅनॉइल गट सुटला की ते रिसेप्टरला धरत नाही, मग कुठलाच परिणाम दिसणार नाही. खाद्य मोजताना खाली कागद अंथरा. पिल्लं क्रम्बल उडवतात. ते सांडलेलं वजा केलं नाही तर तेही खाल्लेल्यात मोजलं जातं. आणि पिल्लू आदल्या दिवशीच एकटं ठेवा. ऐनवेळी वेगळं काढलं की ते कळपासाठी ओरडतं, म्हणजे ताण आधीच चढलेला.

कुक्कुट_पीजी
सलाईनचा गट नीट खातोय. एनपीवायही (न्यूरोपेप्टाइड वाय, खाणं वाढवणारं) त्याच उपाशी पिल्लांना देऊ का?

निलय
नको. खाणं वाढवणाऱ्या पेप्टाइडसाठी पोटभर खाल्लेली पिल्लं घ्या. उपाशी पिल्लू तसंही अधाशासारखं टिपतं, वाढ दिसणार कशी? झोपेचा गुंता सोडवायचा तर ओरेक्सिन-ए या मेंदूतल्या पेप्टाइडचा एक गट ठेवा. पिल्लांत त्याने खाणं वाढत नाही, जाग मात्र वाढते. दर पाच मिनिटांनी डोळे उघडे की मिटलेले, उभं की बसलेलं एवढं टिपा. खाल्लेल्या खाद्याचे आकडे ३०, ६० आणि १२० मिनिटांना.