‘त्र्यंबक’ अवश्य ठेवावे

पणजोबांचे ‘त्र्यंबक’ हे नाव बाळाला ठेवले तर शाळेत मुले चिडवतील, ही आपली शंका रास्त असली तरी नाशिकमध्ये ती फारशी टिकणार नाही, कारण जिथे रोज त्र्यंबक नाक्यावरून ये-जा होते तिथे हे नाव कोणाच्या जिभेला अडत नाही. (चिडवणारी मुले आरव आणि विहान यांनाही सोडत नाहीतच.) १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे मूळ नाव धुंडिराज, चित्रपटासारख्या तेव्हाच्या अगदी नव्या धंद्यात शिरताना ते त्यांना आड आल्याचे ऐकिवात नाही.

खरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची आहे. कोणी ‘ट्रिंबक’ लिहितो, कोणी ‘त्रंबक’, आणि जन्मदाखला, आधार व शाळेचा दाखला यांत एका अक्षराचा फरक पडला की पुढे पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते. म्हणून स्पेलिंग आधी घरात एकमताने ठरवावे. घाई नको, जन्मनोंदणीत बाळाचे नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. आत्याला मात्र बारशापूर्वीच विश्वासात घ्यावे, नाहीतर ती ऐनवेळी बाळाच्या कानात भलतेच नाव सांगून मोकळी होईल.