मदत हवी आहे : उभ्या कॅम्परव्हॅनची बॅटरी वारंवार उतरते

खानापूरचा_भटक्या : माझी कॅम्परव्हॅन दहा-बारा दिवस अंगणात उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसती टकटक होते आणि दर वेळी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवरून केबल ओढून ती सुरू करावी लागते. आठ महिन्यांत दुसरी बॅटरी घातली. शनिवारी कुटुंबासह चोर्ला घाटातून गोव्याला निघायचे आहे. बॅटरी उतरू नये म्हणून काय करावे, एवढेच सांगावे. गॅरेजला दाखवा असे कृपया कोणी लिहू नये, तिथे दोनदा जाऊन आलो आहे.

निपाणीकर : गाडी कोणती, बॅटरी किती अँपिअर-तासांची, मागच्या राहण्याच्या भागातल्या दिव्यांना व फ्रिजला वेगळी बॅटरी आहे की नाही, यातले आपण काहीच लिहिलेले नाही. इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसतात का? आणि रात्रभर उभ्या गाडीत सकाळी किती दिसतात? भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली.

टिळकवाडी_जुना_चालक : एवढ्या आकड्यांची गरज नाही. आम्ही दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवत असू. डायनामो आपले काम करतो.

खानापूरचा_भटक्या : एवढे सगळे लिहावे लागेल असे वाटले नव्हते. जुनी तेरा आसनी प्रवासी गाडी घेऊन आत बदल केले आहेत. इंजिनाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची आहे. घरबॅटरी वेगळी असून तिला छतावरचे सोलर पॅनेल आहे. इंजिन चालू असताना १४.१ आणि काल सकाळी ११.८.

निपाणीकर : म्हणजे अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा, काकांचा डायनामो) ठीक आहे. काका, पंधरा मिनिटांच्या आयडलिंगने खोल उतरलेली बॅटरी भरत नाही, आणि बंद शेडमध्ये तसे इंजिन चालवणे तर जिवावर बेतू शकते. सोलरचेही तसेच : दोन बॅटऱ्यांमधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, इंजिन बंद होताच त्यांना तोडतो, त्यामुळे वेगळी सोय केली नसेल तर पॅनेलची वीज पुढच्या बॅटरीपर्यंत पोचतच नाही.

हलगा_टूरर : सरळ लिथियम बसवावी. मी बसवली आणि डोक्याचा ताप गेला.

निपाणीकर : नळ उघडा राहिला असेल तर मोठी टाकी बसवून काय साधणार? आधी गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून जाणारा प्रवाह, मोजा. चावी काढून ऋण टर्मिनल सोडा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून ते टर्मिनल व केबल यांच्यामध्ये जोडा. दारे बंद करून अर्धा तास थांबा. मीटर जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका. ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त दिसल्यास एकेक फ्यूज काढून पाहा.

कणकुंबी_वाट : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीतले बदल परवानगीने केलेत ना? नसतील तर बॅटरीची चिंता नंतर करा.

खानापूरचा_भटक्या : परवानगी आहे, गाडी खासगी नोंदणीतही आली आहे, प्रश्न तो नव्हता. आज मोजले तर ०.३१ अँपिअर. सगळे फ्यूज काढून पाहिले तेव्हा म्युझिकच्या अँप्लिफायरचा फ्यूज काढताच आकडा ०.१० वर आला. मागच्या मालकाने ती वायर चावीच्या स्विचवरून न नेता थेट बॅटरीवर जोडली होती. डॅशबोर्डखाली प्रवासी गाडीच्या काळातला जीपीएस ट्रॅकरही निघाला. तो सोडल्यावर ०.०३. गॅरेजवाल्याने दोन्ही वेळा फक्त बॅटरी तपासली होती.

निपाणीकर : ०.३१ म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर-तास. बारा दिवसांत ९० गेले, मग सेल्फ फिरणार कसा? ०.०३ ने तेवढ्याच दिवसांत नऊच्या आसपास जातील. महिनाभर उभी ठेवायची झाल्यास ऋण टर्मिनलवर कट-ऑफ स्विच लावा. ११.८ ला अनेकदा राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट बसून तिची क्षमता घटलेली असते, म्हणून आज रात्रभर ती चार्जरवर ठेवा आणि उद्या दिवसभर सोडून संध्याकाळी पुन्हा मोजा. १२.४ च्या खाली दिसली तर मात्र तिसरी बॅटरी घेऊनच घाटात शिरा.

खानापूरचा_भटक्या : चार्जर माझ्याकडे नाही. टिळकवाडीच्या काकांकडे असेल का?

टिळकवाडी_जुना_चालक : आहे, सातनंतर घेऊन जा. पण घरी नेल्यावर दर तीन दिवसांनी गाडी सुरू करत चला.