प्रतिसाद: सपाट नकाशात न दिसणारा पीळ

डीएनए ओरिगामी म्हणजे डीएनएच्या धाग्याला घड्या घालून अतिसूक्ष्म रचना बनवणं, आणि तिचा आराखडा कॅडनॅनो या सॉफ्टवेअरमध्ये आखतात. 'कॅडनॅनोचा सपाट नकाशा असताना डोक्याला व्हीआर (आभासी त्रिमिती दाखवणारा) हेडसेट लावायची गरजच काय', या वरच्या मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. स्टेपल (लांब धाग्याला घडीत धरून ठेवणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुठे तोडायचे, लांब धागा कुठून कुठे न्यायचा, ही कामं साध्या पडद्यावर माउसनेच नीट होतात. हवेत हात धरून ती करणं फार दमवणारं आहे. पण रचना तपासायची वेळ आली की तोच नकाशा दिशाभूल करतो.

चौकोनी जाळीचंच घ्या, म्हणजे डीएनएची सर्पिलं चौकोनी मांडणीत शेजारी-शेजारी ठेवायची पद्धत. डीएनएच्या सर्पिलाच्या एका वेढ्यात साधारण १०.५ बेस-जोड्या (त्याच्या शिडीच्या पायऱ्या) असतात. या जाळीत मात्र क्रॉसओव्हर (धागा एका सर्पिलातून शेजारच्या सर्पिलात जातो त्या जागा) जुळावेत म्हणून ३२ जोड्यांत ३ वेढे बसवतात, म्हणजे वेढ्यामागे जवळपास १०.६७. फरक किरकोळ वाटतो, पण तो साचत जातो आणि अख्खी रचनाच पिळवटते. नकाशात मात्र ती सरळसोट आयत दिसते! ऑक्सडीएनए या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन (रचना प्रत्यक्षात कशी वळेल याची संगणकीय नक्कल) करून तो आकार व्हीआरमध्ये चहूबाजूंनी फिरून पाहिला, की पीळ कुठून कसा चढतोय ते चटकन लक्षात येतं. मग ठरावीक ठिकाणच्या जोड्या गाळून तो कमी करता येतो. फक्त सिम्युलेशनची पायरी कृपया वगळू नका. नुसतं आराखड्यावरून बनवलेलं मॉडेल हेडसेटमधूनही नकाशाइतकंच सरळ दिसतं, आणि त्रिमितीत पाहिल्यामुळे त्यावर उलट जास्तच विश्वास बसतो.