ट्रस्टमधला दादरचा फ्लॅट आम्हा बहिणींच्या नावावर कसा करायचा?

दादरवाली: आजोबांनी १९९८ ला फॅमिली ट्रस्ट रजिस्टर करून दादरचा फ्लॅट त्यात टाकला, ट्रस्टी दोघे, आमचे काका आणि आजोबांचे एक मित्र. धाकटी २५ ची झाली की फ्लॅट आम्हा दोघी बहिणींना द्यायचा असं डीडमध्ये लिहिलंय आणि ती मार्चमध्ये २५ ची झाली. काका तयार आहेत, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात ट्रस्टींचं पत्र आणा, नाव चढवतो. एजंट म्हणतो काकांकडून बक्षीसपत्र करून घ्या. नक्की काय करायचं?

पार्लेकर: ताई, नुसत्या पत्रावर अजिबात थांबू नका. सोसायटी शेअर सर्टिफिकेटच्या मागे नाव लिहील, पण मालकी त्याने येत नाही, कारण कायद्याने मालक ट्रस्टी आहेत आणि तुम्ही लाभार्थी. म्हणून ट्रस्टींनी लाभार्थींच्या नावे ट्रान्सफर डीड करून रजिस्टर करायला हवं, सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत. आणि एकट्या काकांची सही चालणार नाही, दोन्ही ट्रस्टी हवेत.

बक्षीसपत्र चूकच आहे. काका स्वतःचं काही देत नाहीयेत, तुमच्यासाठी सांभाळलेलं तुम्हाला सोपवतायत. शिवाय मुलं-नातवंडांना घर बक्षीस देताना २०० रुपये स्टॅम्प ड्यूटीची जी सवलत आहे त्यात पुतण्या बसत नाहीत, म्हणजे उगाच मोठा भुर्दंड. मोबदला न घेता ट्रस्टीने लाभार्थीला दिलं तर त्याला स्टॅम्प कायद्यात वेगळी नोंद आहे. आधी कलेक्टर ऑफ स्टॅम्प्सकडे ड्राफ्ट अ‍ॅडज्युडिकेशनला द्या, ड्यूटी किती ते लेखी मिळतं.

माहीमची आई: आमच्याकडे एक ट्रस्टी आधीच वारले होते. १८८२ च्या ट्रस्ट अ‍ॅक्टप्रमाणे डीडमध्ये वेगळं काही नसेल तर प्रॉपर्टी उरलेल्या ट्रस्टीकडे जाते, पण आमच्या ड्राफ्टमध्ये त्यांच्या मृत्यूचा उल्लेखच नव्हता आणि वकिलांनी सगळा मजकूर परत लिहायला लावला. ट्रान्सफर डीडमध्ये पूर्ण साखळी लिहा, ट्रस्ट कधी झाला, ट्रस्टी कोण, कुठल्या कलमाने द्यायचं ठरलं, अट कधी पूर्ण झाली, मोबदला नाही. धाकटीचा जन्मदाखला जोडा, तीच तर अट आहे.

दादरवाली: धाकटी सध्या कॅनडात आहे, आणि आजोबांचे मित्र ८१ वर्षांचे, जिने चढवत नाहीत. चॅरिटी कमिशनरची परवानगी लागेल का?

पार्लेकर: नाही, ती पब्लिक ट्रस्टला. तुमचा खाजगी आहे. बहिणीने वकिलातीत पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून पाठवावी, इथे आल्यावर ती स्टॅम्प करून घ्यावी लागते. आजोबांच्या मित्रांसाठी मात्र थांबू नका, सब-रजिस्ट्रारला घरी येऊन सही घेता येते, तसा अर्ज करा. इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रेशन झाल्याचा उतारा, हातात आला की मगच सोसायटीत जा.

दादरवाली: मूळ ट्रस्ट डीड काकांच्या कपाटात आहे, रविवारी जाऊन तेच कलम आधी फोटो काढून आणते.