मदत हवी आहे: सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेयर, मुका ॲम्प आणि १५ हजारांचं बजेट

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मला इलेक्ट्रॉनिक्समधलं फ्यूज बदलण्यापलीकडे काही येत नाही, तेव्हा उत्तरं जरा त्या बेताने द्या.

आम्ही मिरजेला असतो. सासरे जाऊन चार वर्षं झाली, त्यांचा सगळा गाण्याचा संसार माळ्यावर चादरीत बांधून ठेवलेला होता तो यंदा गणपतीच्या आवराआवरीत खाली काढला. सासूबाईंना गुडघ्यामुळे कुठे जाता येत नाही, दिवसभर त्या मोबाईलवर नाट्यसंगीत लावतात आणि दर वेळी म्हणतात की यातले बालगंधर्व डबा डोक्यावर घेऊन गातायत. म्हटलं बघू, आहे त्यातून काही उभं राहतंय का. बजेट १५ हजार, त्याच्या वर गेलं तर नवऱ्याला सांगावं लागेल.

सामान असं आहे. गॅरार्डचा ऑटोचेंजर, लाकडी पेटीत बसवलेला, मधे उंच दांडी, एकावर एक रेकॉर्डी ठेवायच्या आणि एक संपली की पुढची धपकन पडते तो. ॲम्प (प्लेयरचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारा तो डबा) देशी आहे, पुढची नावाची पट्टी कधीच पडून गेलीय, मागे चार गोल धातूचे ट्रान्झिस्टर बाहेरूनच दिसतात. दोन मोठ्या लाकडी स्पीकर पेट्या, खालच्या सुरांचा आठ इंची वूफर आणि वर बारीक सुरांचा छोटा ट्विटर. आणि रेकॉर्डी दीडशेच्या आसपास, त्यातल्या निम्म्या एलपी आणि निम्म्या त्या जड, पडली की फुटणाऱ्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या.

आता रडगाणं. ॲम्प लावला की आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी भुंगा बसल्यासारखा हूंऽऽ येतो, बटण फिरवलं की खरखर, उजवीकडचा आवाज त्याच्या मनात असेल तर येतो. म्हणून प्लेयर मुलाच्या कॉम्प्युटर स्पीकरला जोडून पाहिला तर आवाज इतका पातळ की तबला वाजतोय की कोणी वाटी वाजवतंय कळेना. मग कुठेतरी वाचलं की फोनो प्रीॲम्प लागतो म्हणून १७०० रुपयांना तो मागवला, आता आवाज मोठा येतो पण फाटका, कानाला चावतो. स्पीकरच्या कोनच्या कडेची जी मऊ काळी रिंग असते तिला बोट लावलं तर भुगा होऊन हातात आली.

दुकानात विचारलं तर म्हणाले भंगारात घाला आणि ब्लूटूथ टॉवर न्या, एक वर्ष गॅरंटी. माझा आत्तेभाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, तो म्हणतो सत्तरच्या दशकातला छान टर्नटेबल तिथे स्वस्तात मिळतो, बॅगेत घालून आणतो, १२० व्होल्टचं काय ते स्टेपडाऊन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून भागेल. हो म्हणू का? आणि पैसे नक्की कशावर घालू? रेकॉर्डींवर बुरशी आलीय, त्या सर्जिकल स्पिरिटने पुसायला आज रात्री बसणार आहे.

खरखरकाका:

ताई थांबा, स्पिरिट खाली ठेवा! ७८ च्या तवकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हात फिरवाल आणि गाणं फडक्याला लागेल. त्यांना कोमट पाण्यात थेंबभर भांडी घासायचं लिक्विड, मऊ ब्रश, मधला कागद भिजू द्यायचा नाही, लगेच कोरडं करायचं. एलपी विनाइलच्या, त्यांना पातळ केलेला स्पिरिट चालतो पण गरज नसते.

दुसरं, तो ॲम्प आता थेट प्लगात घालू नका. इतकी वर्षं बंद असलेल्या ॲम्पला पहिल्यांदा करंट द्यायचा तो सिरीज बल्बमधून. जुना ६० किंवा १०० वॉटचा पिवळा बल्ब (एलईडी नाही) फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्क पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. कुठल्याही वायरमनकडे असा सिरीज बोर्ड असतो. आणि झाकण स्वतः उघडू नका, आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांडे) प्लग काढल्यावरही भरलेले राहतात.

एक सांगा, मागच्या सॉकेटांवर काय लिहिलंय? आणि हूं आवाज वाढवला की वाढतो का तेवढाच राहतो?

धागाकर्ती:

स्पिरिट ठेवलं बाबा. हूं तेवढाच राहतो. मागे गोल पाच टाचण्यांची सॉकेटं आहेत, एकावर क्रिस्टल लिहिलंय, एकावर टेप, एकावर ट्यूनर. प्लेयरच्या वायरीला तसाच गोल प्लग होता, तो कापून मी लाल-पांढऱ्या पिना लावून घेतल्या. चूक झाली का?

खरखरकाका:

चूक नाही, पण तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्या ‘क्रिस्टल’मध्येच होतं.

त्या काळच्या चेंजरमध्ये सुईच्या मागे सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज (सुईच्या थरथरीची वीज करणारा तुकडा) असायचं. ते स्वतःच शेकडो मिलिव्होल्ट देतं, पण त्याची अट एकच, पुढे साधारण १ मेगओहमचा, म्हणजे विजेला खूप अडवणारा इनपुट पाहिजे. कॉम्प्युटर स्पीकरचा इनपुट त्याच्या मानाने फार कमी ओहमचा, तिथे खालचे सूर पळून जातात, म्हणून तुमचा तबला वाटी झाला. आणि तो १७०० चा डबा मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी आहे. मॅग्नेटिक देतं फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणून तो डबा सिग्नल शंभरपट वाढवतो आणि वर रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास परत देतो. त्यात तुम्ही सिरॅमिकचा आधीच दांडगा सिग्नल घातलात, फाटणारच. डबा वाईट नाही, चुकीच्या घरी दिलाय. ठेवून द्या, लागेल.

तुमच्या ॲम्पचं ते सॉकेट याच कार्ट्रिजसाठी बनवलंय. म्हणजे तुमच्या सासऱ्यांची जोडी बरोबर होती, ती मोडू नका. पाच टाचण्यांना डिन प्लग म्हणतात, आजही मिळतो, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, तुमच्या सांगलीतही एखादा जुना रेडिओवाला देईल.

शून्यावरही तेवढाच राहणारा हूं म्हणजे बहुतेक पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. आवाजाबरोबर वाढला असता तर वायर किंवा अर्थिंग बघितलं असतं. खरखर म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटमधली (बटणामागच्या फिरत्या भागातली) धूळ, काँटॅक्ट क्लीनर मारून पंचवीस वेळा फिरवायचं. गंज काढायचा स्प्रे मारू नका कोणी कितीही सांगितलं तरी. उजवा चॅनलही बऱ्याचदा त्यानेच सुधारतो.

डिजिटलबंडू:

एवढा उद्योग कशाला? २००० रुपयांत क्लास डी चा (आजकालच्या नव्या पद्धतीचा) तळहाताएवढा ॲम्प येतो, ५० वॉट, ना हूं ना खरखर. जुना ॲम्प म्हणजे हत्ती पोसणं.

खरखरकाका:

बंडू, येतो ना. पण त्याला तिचा सिरॅमिक प्लेयर जोडला की पुन्हा वाटी. शिवाय त्या ५० मधले निम्मे वॉट खोक्यावरच छापलेले असतात. आणि मागे दिसणारे ते चार गोल म्हणजे बहुधा ३०५५, तो ट्रान्झिस्टर अजूनही मिळतो आणि कोणताही म्हातारा मेकॅनिक डोळे मिटून बदलतो. (नकली फार आलेत, वजनाला हलका लागला तर घेऊ नका.) ॲम्पमध्ये त्याच्याऐवजी एसटीके आयसी (ते सगळं काम एकटी करणारी चिप) असती तर मीच म्हटलं असतं सोडा, खरी आयसी आता सापडत नाही.

लाऊडस्पीकरवाला:

ताई मी मंडप-साऊंडच्या धंद्यात आहे, स्पीकरचं मी सांगतो. भुगा झाला तो फोम, दमट हवेत वीस-पंचवीस वर्षांत मरतोच, त्यात कोणाचा दोष नाही. कोन फाटला नसेल आणि बोटांनी सरळ आत दाबल्यावर कॉइल (कोनमागचं तारेचं वेटोळं) घासत नसेल (घासली तर खर्रकन आवाज येतो) तर फक्त कडेची रिंग बदलायची, नवा स्पीकर अजिबात घेऊ नका, त्या पेटीतला मॅग्नेट आज त्या पैशात येत नाही. आमच्या सारखे स्पीकरला नवे कोन बसवून देणारे तुमच्याकडे जत्रा आणि गणपतीमुळे पन्नास असतील, फक्त त्याला सांगा की घरचा स्पीकर आहे, डीजेचा कडक कापडी सराउंड (तीच कडेची रिंग) लावू नको, मऊ रबर नाहीतर फोम लाव, नाहीतर बास मरतो.

जोडताना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा, प्लस लाल टर्मिनलला टेकवायचा, दोन्ही कोन बाहेर उडी मारतात का बघायचं. एक बाहेर एक आत गेला तर एकाची वायर उलटी आहे, मग दोघं एकमेकांचा बास खातात आणि माणूस उगाच ॲम्पला शिव्या देतो. आणि दुरुस्त झालेला ॲम्प लगेच स्पीकरला लावू नका, मेकॅनिकला सांगा स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोज, ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच, नाहीतर नवीन रिंगसकट कॉइल जाळून बसाल.

एडिसनकर:

मी स्वतः न्यू जर्सीत आहे, भावाला विचारा की त्या टर्नटेबलची मोटर कुठली आहे. स्टेपडाऊनने १२० व्होल्ट मिळतील, पण इथली वीज ६० हर्ट्झची आणि तिकडची ५० ची, ते ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच बेल्टवाल्यांत एसी सिंक्रोनस मोटर असते, ती हर्ट्झवर चालते, म्हणजे मिरजेत एलपी मिनिटाला ३३ फेऱ्यांऐवजी २८ च्या आसपास फिरेल आणि किशोरीताई एकदम भीमसेनजींच्या पट्टीत. पुली बदलावी लागते, ती सापडेपर्यंत पुढची दिवाळी. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय मोटरच थेट चकती फिरवते तो) असेल तर हा प्रश्न नाही. मी हे शहाणपण वडिलांसाठी एक टर्नटेबल नाशिकला वाहून नेल्यावर शिकलो, तो आता तिथे शोकेसमध्ये आहे, वर गणपती ठेवलाय.

धागाकर्ती:

तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, मधे दसरा झाला.

सांगलीत एक सत्तरीचे रेडिओवाले काका सापडले. सिरीज बल्ब मी सांगायच्या आधीच त्यांच्या टेबलावर. फिल्टरचे कपॅसिटर दोन्ही फुगलेले निघाले, बदलले, पॉट धुतला, डिन प्लगही त्यांनीच लावला, सगळे मिळून १४००. हूं गेला म्हणजे अगदी कान लावला तरच. उजवा चॅनल आता रोज येतो. स्पीकरच्या रिंगा १८०० ला दोन, सेलची युक्ती मी करून पाहिली तर एक खरंच उलटा होता, आणि मला वाटतं तो सासऱ्यांच्या वेळेपासूनच उलटा असावा, हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

पण काकांनी प्लेयर बघून एक वेगळंच सांगितलं. म्हणाले या सुईच्या दांडीचं वजन सुईवर पाच-सहा ग्रॅम पडतं, सुई झिजलेली, याच्यावर एलपी लावल्या तर दर वेळी थोडी थोडी कोरून काढतोय तुम्ही, मॅग्नेटिकवाला दीड-दोन ग्रॅमवर चालतो. याला फक्त ७८ साठी ठेवा. त्या दांडीच्या टोकावर एक छोटा खटका आहे, फिरवला की सुई उलटते, एका बाजूला एलपीची बारीक आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची जाड, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं! नवी सुई ४५० ला मिळाली. म्हणजे इतके दिवस मी बालगंधर्व एलपीच्या सुईने वाजवत होते.

मग एलपीसाठी दुसरा हवाच. आत्तेभावाकडच्या टर्नटेबलची मोटर एसी निघाली, त्याला नको म्हटलं (एडिसनकर, तुमचे आभार, तो जरा रुसलाय). एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन आले, तिथे मिळाले ते सगळे सुईशिवाय, पण एका माणसाने कोल्हापुरातला पत्ता दिला आणि तिथे गल्फमधून आणलेला एक २२० व्होल्टचा बेल्टवाला मिळाला, डीसी मोटर, मॅग्नेटिक कार्ट्रिज, ८५००. बेल्ट सैल होता, नवा ४०० ला. आणि त्याला लावला तो वाया गेलेला १७०० चा डबा, तिथून ॲम्पच्या टेपच्या सॉकेटात. काका, लागेल म्हणालात, लागला. काँटॅक्ट क्लीनरची बाटली ३५० धरून १४,६००. प्रवास धरला नाहीये.

एलपी सुंदर वाजतायत. मिरजेत तानपुरा कानाला लावून बघणारी माणसं पावलोपावली, त्यामुळे शेजारचे दोघं-तिघं रोज काही ना काही निमित्ताने येतात. पण सासूबाई ७८ ऐकताना म्हणाल्या की सूर अर्ध्याने वर आहे. त्यांनी वाजवायची पेटी काढून दाखवलं, खरंच वर आहे. चेंजर जोरात फिरतोय का?

खरखरकाका:

एका तवकडीवरून ठरवू नका, जुन्या काळी सगळ्या नेमक्या ७८ नेच कापल्या असं नाही, सासूबाई आणि प्लेयर दोघंही बरोबर असू शकतात. स्ट्रोब चकती (गती तपासायची रेघांची चकती) कागदावर छापून घ्या, ५० हर्ट्झची, ७८ साठी कडेला ७७ रेघा असतात, ३३ साठी १८०. प्लेयरवर ठेवून फिरवा आणि दिव्याखाली बघा. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या तर गती बरोबर, फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर जोरात आहे. फक्त एलईडीखाली दिसेलच असं नाही, जुनी चोकवाली ट्यूब लागेल.

धागाकर्ती:

चोकवाली ट्यूब आता आमच्याकडे फक्त माळ्यावर उरलीये. म्हणजे प्लेयर परत वर. मुलगा शाळेतून आला की चढवतो आणि रात्री सांगते.