आमवात: मूलपेशी आणि वनस्पतिजन्य संयुगे एकत्र दिल्याने फायदा होतो का?

जिज्ञासू:
माझ्या मोठ्या बहिणीला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि ती त्यावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध घेते. मूलपेशींच्या इंजेक्शनांना हळदीतील कर्क्युमिनची किंवा द्राक्षांच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉलची जोड दिल्यास दाह लवकर आटोक्यात येतो, असे वाचनात आले. दोन्ही गोष्टी दाहशामक असतील, तर एकत्र दिल्यावर परिणाम दुप्पट व्हायला हवा ना? शिवाय, मूलपेशींमुळे झिजलेली कूर्चा पुन्हा तयार होते का?

पेशीवेध:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. अशा उपचारांत बहुतेक वेळा अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून मिळवलेल्या मेसेनकायमल पेशी वापरतात. शिरेतून दिल्यास त्यांपैकी बहुतांश फुप्फुसांतील केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात, त्यामुळे त्यांची कूर्चा बनेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. त्यांचे काम मुख्यतः स्रावांमार्फत चालते: प्रोस्टाग्लँडिन ई२ सारखी रसायने सोडून त्या भक्षक पेशींचा आक्रमकपणा कमी करतात आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना बळ देतात. या पेशींचे ‘मेसेनकायमल मूलपेशी’ हे नाव 1991 साली रूढ करणारे संशोधक अर्नोल्ड कॅप्लन यांनीच 2017 मध्ये त्यांना ‘मूलपेशी’ म्हणणे थांबवावे, असे सुचवले होते.

आता दुपटीचा तर्क. या पेशी शांत स्थितीत फारसा दाह शमवत नाहीत. आजारी सांध्यातून येणारे इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचे संकेत मिळाल्यावरच त्या खऱ्या अर्थाने कामाला लागतात. टीएनएफचा संकेत पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी या मार्गाने जातो, आणि कर्क्युमिन नेमका तोच मार्ग दाबते. म्हणजे दोन्ही एकाच वेळी दिल्यास, ज्या हाकेवर पेशींनी धावून यायचे ती हाकच दबण्याची शक्यता आहे. त्यामुळे संयुग कधी द्यायचे हा कळीचा मुद्दा ठरतो. पेशी अजून प्रयोगशाळेत असतानाच त्यांना संयुगाच्या संपर्कात ठेवायचे, ते धुऊन काढायचे आणि मग पेशी शरीरात सोडायच्या, हा मार्ग मला अधिक सयुक्तिक वाटतो, कारण सांध्यातील ऑक्सिडेटिव्ह ताणात तग धरण्याची त्यांची क्षमता त्याने वाढू शकते. अर्थात मात्राही जपावी लागते: रेस्व्हेराट्रॉल अल्प प्रमाणात या पेशींना पोषक ठरते, पण जास्त झाले की त्यांची वाढ खुंटते.

औषधशास्त्र_विद्यार्थी:
वरील विवेचनाशी सहमत आहे. एक भर घालतो: काचपात्रात कर्क्युमिनची जी तीव्रता परिणाम दाखवते, ती गोळी गिळून रक्तात मिळत नाही, कारण आतडे आणि यकृत ते झपाट्याने निष्क्रिय करतात. 1998 च्या एका अभ्यासात काळ्या मिरीतील पायपेरिनमुळे त्याची माणसांतील उपलब्धता सुमारे 20 पट वाढलेली दिसली; पण पायपेरिन हे करते ते औषधांचा निचरा करणारी विकरे (एन्झाइम) रोखून, आणि इतर औषधांचीही रक्तातील पातळी त्यामुळे बदलू शकते. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर आधीच असतो आणि शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे अशी गोळी सुरू करण्यापूर्वी तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

उंदरांवरील निष्कर्षही जपून वाचावेत. तिथे कोलॅजन टोचून काही आठवड्यांत संधिदाह घडवतात आणि पंजाची सूज कॅलिपरने मोजतात. वर्षानुवर्षे मुरलेला माणसाचा आजार त्यापेक्षा पुष्कळ वेगळा असतो.

जिज्ञासू:
आभारी आहे. मग हा उपचार आज कुठे मान्यताप्राप्त आहे का?

पेशीवेध:
आमवातासाठी अमेरिका किंवा युरोपातील नियामकांनी या पेशींना मान्यता दिलेली नाही, जोडउपचार तर दूरच. अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये अशा पेशींच्या एका उत्पादनाला मंजुरी मिळाली, पण ती अस्थिमज्जा-प्रत्यारोपणानंतर मुलांमध्ये उद्भवणाऱ्या एका गुंतागुंतीपुरती. बहिणीला कुणी हा उपचार सुचवलाच, तर तो नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का आणि त्या काळात मेथोट्रेक्सेट चालू राहणार का, हे आधी विचारा. ते बंद करायला सांगत असतील, तर तिच्या संधिवाततज्ज्ञांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका, कारण दाह अनियंत्रित राहिला तर हाडांची झीज होते आणि ती सहसा भरून येत नाही.